रक्ताच्या नळ्यांचं गणित: बहिणीनं यात पीएचडी करावी का?

ठिबकवाला_वसमत
रामराम मंडळी. एरवी मी इथं हळदीच्या भावाच्या धाग्यावर असतो, आज विषय जरा वेगळा आहे.

धाकटी बहीण यंदा नांदेडहून गणितात एमएस्सी झाली. आता म्हणते पीएचडी करायची, अन् विषय काय, तर माणसाच्या अंगातल्या रक्तप्रवाहाचं गणिती प्रारूप. घरात चार दिवस हेच चाललंय. अण्णांचं म्हणणं, रक्त डॉक्टरचं, पाणी इंजिनिअरचं, मधी गणितवाल्याचं काय अडकलंय? काकू म्हणाली, पोरीला धड इंजेक्शनकडं बघवत नाही अन् रक्ताचा अभ्यास करणार.

माझं ठिबकचं दुकान आहे. मेन, सबमेन, लॅटरल, ड्रिपर, कुठं किती प्रेशर पडतंय ते मी तक्ता बघून सांगतो. तिला म्हणलं, तुझं अन् माझं काम एकच की मग. पंप, पाइप अन् शेवटी थेंब. तर हसली अन् म्हणाली, "दादा, तुझा पाइप फुगत नाही."

पुढं काय विचारावं ते मला कळेना. म्हणून इथं विचारतो. नसा काय पीव्हीसीच्या आहेत का, गणितात बसायला? हे कुणाच्या कामी येतं का निसतं कागदावरच राहतं?

उस्मानाबादी_शेळी
पहिला नंबर माझा. धागा वाचून प्रतिसाद देतो.

नळ_आठ_दिवसाला
आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी कधी येणार याचं गणित आजवर कुणाला सुटलं नाही. ताईंना आधी ते द्या. रक्ताचं सोपं जाईल.

सिस्टर_नाईट_ड्युटी
दादा, मी गणितवाली नाही. पण तुमच्या बहिणीचं गणित मी रोज रात्री हातानं करते. साध्या सलाईन सेटला २० थेंबांचा एक मिलिलिटर. एक लिटरची बाटली आठ तासांत संपवायची तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. घड्याळ बघत, चाकी फिरवत मोजायचे. लेकरांच्या सेटला ६० थेंबांचा एक मिलिलिटर.

आता गंमत सांगते. ॲक्सिडेंटचा पेशंट आला, रक्त चाललंय, तर आम्ही निळी सुई लावत नाही. हिरवी, जमलं तर राखाडी, आणि दोन्ही हातांना. निळी २२ नंबर, हिरवी १८ नंबर. नंबर कमी तशी सुई जाड. डोळ्यांना फरक एवढुसा दिसतो, पण बाटली रिकामी व्हायला लागते तेव्हा कळतं. नवीन मुली आल्या की विचारतात, एवढुशा जाडीनं इतका फरक कसा? मला "असतो" एवढंच सांगता येतं. ताईंना विचारून सांगा.

अंकगणिता
ताईंच्या ऐवजी मी सांगते. कॉलेजात गणित शिकवते, याच विषयाच्या कडेकडेनं माझंही काम झालंय.

सिस्टर, तुमच्या "असतो"चं नाव प्वाझय. हा फ्रेंच माणूस, आणि अण्णांना मुद्दाम सांगा, गणितवाला नव्हता, डॉक्टर होता. रक्त कसं वाहतं हे त्याला कळून घ्यायचं होतं. पण नळीत रक्त गोठतं, म्हणून त्यानं केसासारख्या बारीक काचेच्या नळ्यांतून पाणी सोडलं आणि मोजत बसला. १८४० च्या सुमारास त्याचा नियम आला. नळीतून जाणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. दाब दुप्पट केला तर पाणी दुप्पट. नळीची लांबी दुप्पट केली तर पाणी निम्मं. त्रिज्या दुप्पट केली तर पाणी सोळा पट. हेगन नावाच्या जर्मन इंजिनिअरनं वर्षभर आधी वेगळ्या वाटेनं तेच काढलं होतं, म्हणून पुस्तकात दोघांची नावं जोडून येतात.

म्हणजे डॉक्टरचं, इंजिनिअरचं आणि गणिताचं हे भांडण तेव्हापासून एकाच घरात नांदतंय.

ठिबकवाला_वसमत
मॅडम, सोळा पट?! म्हणजे दोन इंचीच्या जागी चार इंची पाइप टाकला तर सोळा पट पाणी? उद्याच गिऱ्हाइकाला सांगतो.

अंकगणिता
थांबा, गिऱ्हाईक परत येईल भांडायला.

सोळा पट हे शांत, थराथरानं सरकणाऱ्या प्रवाहाला लागू. तुमच्या तीन इंची पाइपात पाणी सेकंदाला दीड मीटरनं पळतं, आत नुसती घुसळण असते. रेनॉल्ड्स नावाच्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकानं १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हाच फरक दाखवला. वेग, व्यास आणि चिकटपणा यांच्यातून एक आकडा निघतो. तो दोन हजारांच्या खाली असेल तर नळीत प्रवाह शांत राहतो. तुमच्या पाइपात तो लाखाच्या घरात जातो. हृदयाला रक्त देणाऱ्या तीन मिलीमीटरच्या रोहिणीत तो दोन-तीनशे भरतो. म्हणून तुमच्या पाइपाला चौथा घात लावायचा नाही. तेवढ्याच दाबाला दुप्पट व्यासानं पाणी सहा पटींच्या आसपास वाढेल.

तेव्हा तुमचं आणि बहिणीचं काम एकच नाही. पंप, पाइप, थेंब हे शब्द तेवढे एक आहेत.

ठिबकवाला_वसमत
बरं झालं विचारलं. सहा पट म्हणून सांगतो, तेही गिऱ्हाईक मोटार किती एचपीची ते सांगेल तेव्हा.

टेलचा_शेतकरी
मला यातलं काही कळत नाही, पण दारं धरायचा अनुभव चाळीस वर्षांचा आहे. कालव्यातलं पाणी बघा कसं जातं. तेच पाणी वितरिकेत, मग चारीत, मग सरीत आलं की मुंगीच्या पावलानं सरकतं. रक्ताचं बी असंच असणार. बारीक नसांत पळत असंल तर अंगाला लागंल कसं? पिकाच्या मुळाशी पाणी थांबावं लागतं.

आणि आमच्यासारख्या टेलवाल्याला तर ते सरकत बी येत नाही. वरची धरणं भरल्याबिगर नाथसागरात...

धागापाल
समन्यायी पाणीवाटपाचा धागा वेगळा आहे, तिथं ३१२ प्रतिसाद झालेत. इथं रक्त.

अंकगणिता
काका, तुम्ही जे सांगितलं ते मी वर्गात अर्धा तास फळ्यावर लिहिते. हृदयातून निघणारी महारोहिणी सुमारे अडीच सेंटीमीटर रुंद, तिथं रक्त सेकंदाला कितीतरी सेंटीमीटर धावतं. पुढं फाटे फुटत जातात. एकेक फाटा बारीक, पण सगळ्यांची रुंदी मिळून आधीपेक्षा कितीतरी जास्त. केशवाहिनीपर्यंत येता येता वेग सेकंदाला एक मिलीमीटर किंवा त्याहून कमी होतो. तिथं तांबडी पेशी जेमतेम मावते, अंग चोरून एकामागं एक जाते. प्राणवायूची देवघेव व्हायला सवड तिथंच मिळते.

फाटे किती जाड असावेत याचाही हिशोब आहे. मरे नावाच्या शरीरशास्त्रज्ञानं १९२६ मध्ये मांडला. रक्त ढकलायचा खर्च आणि रक्त सांभाळायचा खर्च, दोन्ही मिळून कमीत कमी व्हायचा असेल, तर मूळ नळीच्या त्रिज्येचा घन हा फाट्यांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेएवढा लागतो. शरीरात बऱ्याच ठिकाणी हे जवळपास जुळतं.

नळ_आठ_दिवसाला
पाणीवाटपाचं निघालंच आहे तर किडनीला महामंडळावर घ्या. दिवसाला १८० लिटर गाळते आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घालते. एवढं काटकसरीचं नियोजन मराठवाड्यात दुसऱ्या कुणाचं नाही.

शंकासुर
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आता मी जरा कडू बोलतो.

प्वाझयचा नियम कशावर उभा आहे? नळी सरळ, कडक, गोल. प्रवाह सारखा. द्रव पाण्यासारखा साधा. रक्तवाहिनी यातलं काय आहे? वाकडी आहे, फुगते, रक्त धडधडत येतं, आणि रक्तात निम्म्याच्या जवळ पेशी. ऑयलरसारख्या थोर गणितीनं १७७५ मध्ये फुगणाऱ्या रोहिणीची समीकरणं लिहिली आणि सोडवायला हात टेकले.

खरी अडचण पुढं आहे. मी अशा विषयावरचे प्रबंध तपासायला बसलोय. कृती ठरलेली. आधीच्या माणसाचं समीकरण घ्या, त्यात एक पद वाढवा. कधी चुंबकीय क्षेत्र, कधी उष्णता, कधी भिंतीला छिद्रं. संगणकाला लावा, सहा आलेख काढा, "वैद्यकशास्त्राला उपयुक्त ठरेल" असं शेवटच्या ओळीत लिहा, पेपर पाठवा. पेशंट कुठाय? मोजमाप कुठाय? एकाही प्रबंधाच्या माणसानं दवाखान्याची पायरी चढलेली नसते. ठिबकवाले, "निसतं कागदावर" हा तुमचा शब्द बरोबर आहे.

अंकगणिता
शंकासुर, प्रबंधांबद्दलचा परिच्छेद मान्य. मीही तसला एक पेपर लिहिलाय, नोकरीसाठी लागत होता. लाज वाटते, पण आहे.

प्वाझयबद्दलचा मान्य नाही. नळी फुगते, प्रवाह धडधडतो, हे गणितवाल्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. वोमर्स्ली हा गणिती लंडनच्या इस्पितळात शरीरशास्त्रज्ञांबरोबर बसला आणि १९५५ मध्ये त्यानं धडधडत्या प्रवाहाचं उत्तर काढलं. मोठ्या रोहिणीत रक्ताला शांत थर लावून घ्यायला वेळच मिळत नाही, तेवढ्यात पुढचा ठोका येतो. तिथं प्वाझय चालत नाही. बारीक वाहिन्यांत ठोक्यांच्या मानानं पुरेसा वेळ मिळतो, तिथं तो पुष्कळसा चालतो. मात्र केसाहून बारीक गेलात की पेशी मधोमध गोळा होतात, भिंतीलगत नुसतं पातळ द्रव्य राहतं, आणि रक्त एकदम पातळ असल्यासारखं वागतं. हे १९३१ पासून माहीत आहे.

कुठला नियम कुठं सोडायचा, हेच तर काम आहे. ठिबकवाल्यांना सोळाचे सहा करून दिले ते दुसरं काय होतं?

शंकासुर
बरं. लंडनचा गणिती इस्पितळात बसला हे तुम्हीच लिहिलंत. माझंही तेवढंच म्हणणं आहे.

काळ्या_रानातला
"दादा, तुझा पाइप फुगत नाही" या वाक्यावर मी दोन दिवस अडकलो होतो. काल तुरीवर फवारणी करताना सुटलं.

पाठीवरचा हातपंप घ्या. दांडा आपण खाली-वर करतो, म्हणजे ढकलणं थांबून थांबून होतं. पण नोझलमधून फवारा सलग येतो. का? आत एक हवेची डबी असते. दांडा मारला की पाणी त्या हवेला दाबतं, दांडा वर जातो तेव्हा दाबलेली हवा पाण्याला ढकलते. माझ्या जुन्या पंपाच्या डबीत एकदा पाणीच भरलं, हवा उरली नाही. मग काय, दांड्याबरोबर पिचकारी. फच्च, बंद, फच्च, बंद. अर्धं औषध माझ्या पायावर.

हृदय बी दांड्यासारखं थांबून थांबून मारतं. मग रक्त सलग कसं जातं? नळी फुगते म्हणून. बरोबर का मॅडम?

अंकगणिता
दंडवत घ्या. ओटो फ्रँक या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८९९ मध्ये जे प्रारूप मांडलं त्याचं जर्मन नावच "हवेची कोठी" असं आहे. जुन्या आगीच्या बंबात तशी कोठी असायची. तुम्ही तुरीच्या रानात तिथंच पोचलात.

पंपाच्या डबीत पाणी भरलं तेव्हा जे झालं ते म्हाताऱ्या माणसात होतं. महारोहिणी कडक होते, फुगत नाही. मग वरचं बीपी चढतं, खालचं उतरतं, दोन्हींतलं अंतर वाढतं. नाडीची लाट किती वेगानं धावते यावरून हा कडकपणा मोजतात. तरुण माणसात सेकंदाला पाच-सहा मीटर, कडक झाली की दहाच्या वर.

उस्मानाबादी_शेळी
धागा वाचला. पायावर पडलेलं औषध सोडून सगळं समजलं.

ठिबकवाला_वसमत
आता खरं सांगतो. धागा काढताना एक गोष्ट लिहिली नव्हती. गेल्या वर्षी अण्णांची ॲंजिओग्राफी झाली, एका नसेत ६० टक्के ब्लॉक निघाला. गोळ्या चालू आहेत. पण घरातल्या प्रत्येकानं हिशोब केलाय, ६० बंद म्हणजे ४० चालू. अण्णा जिना चढताना थांबले की आई म्हणते, चाळीसवरच चाललंय ना. आणि मॅडमच्या चौथ्या घातानं काढलं तर ४० टक्के त्रिज्या म्हणजे अडीच टक्के रक्त. रात्री हे कॅल्क्युलेटरवर काढलं अन् झोप उडाली.

डॉ_गप्पिष्ट
आधी झोपा. धाग्यावर मी निदान करत नाही, अण्णांचं त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायचं. आणि जिन्यावर थांबावं लागतं हे पुढच्या भेटीत न विसरता सांगायचं. पण हे अडीच टक्क्यांचं भूत उतरवतो.

एक, टक्के कशाचे? रिपोर्टात सहसा व्यासाचे असतात. व्यास ६० टक्के कमी म्हणजे आतलं तोंड ८४ टक्के कमी. हे ऐकून आणखी घाबरू नका, पुढं वाचा.

दोन, चौथा घात तुम्ही अख्ख्या नळीला लावलात. अरुंद जागा सेंटीमीटरभराची असते. पुढं हृदयाच्या स्नायूत बारीक वाहिन्यांचं जाळं आहे, खरा अडथळा तिथं असतो. वर दाब कमी झाला की हे जाळं आपणहून सैल पडतं. ठिबकवाले, तुमच्याकडं दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारा पीसी ड्रिपर असतो ना? साधारण तसं. म्हणून माणूस बसलेला असताना व्यास ८०-८५ टक्के बुजेपर्यंत प्रवाह फारसा घटत नाही. गूल्ड नावाच्या हृदयरोगतज्ज्ञानं कुत्र्यांवरच्या प्रयोगात १९७४ मध्ये हे दाखवलं. मात्र पळताना, जिना चढताना लागणारा जास्तीचा प्रवाह ५० टक्क्यांपासूनच कमी पडायला लागतो.

म्हणजे ५० ते ७० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यात नुसत्या चित्रावरून कळत नाही. तिथं बारीक तार आत घालून, औषधानं वाहिन्या सैल करून, अडथळ्याच्या पुढचा दाब आणि मागचा दाब मोजतात. पुढचा भागिले मागचा, हे गुणोत्तर ०.८० किंवा खाली आलं तर स्टेंटचा, म्हणजे नस उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीचा, विचार. २००९ मध्ये हजाराच्या वर पेशंटांवरचा अभ्यास आला. डोळ्यांनी बघून घालण्यापेक्षा असं मोजून घातलेल्या गटात स्टेंट कमी लागले आणि पेशंटांचं पुढचं वर्षही जास्त बरं गेलं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं. ही तार न घालता, नुसत्या सीटी स्कॅनवरून त्या माणसाच्या रोहिण्यांचा आकार घ्यायचा, द्रवाची समीकरणं संगणकात सोडवायची, आणि गुणोत्तर काढायचं, हे होतंय. अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. ते गणितवाल्यांचं काम आहे. शंकासुर, तिथं पेशंट आहे आणि मोजमापही आहे.

शंकासुर
मग विषय तो घ्यावा. चुंबकीय क्षेत्र घालू नये. मार्गदर्शक असा बघावा की ज्याचं एखाद्या हृदयरोगवाल्याशी बोलणं आहे. ठिबकवाले, प्रवेशाआधी बहिणीनं एकच विचारावं, "मला खरे स्कॅन मिळतील का?"

नळ_आठ_दिवसाला
त्याच समीकरणांवर दहा लाख डॉलरचं बक्षीस पण आहे म्हणे.

अंकगणिता
आहे. नाविए-स्टोक्सच्या, म्हणजे द्रव कसा वाहतो त्याच्या, समीकरणांना नेहमी गुळगुळीत उत्तर असतं की नाही, हे सिद्ध करायचं किंवा खोडायचं. २००० साली जाहीर झालं, अजून कुणी नेलेलं नाही. पण अण्णांना त्या आशेवर राजी करू नका.

सिस्टर_नाईट_ड्युटी
डॉक्टर, तुम्ही लिहिलेलं वाचून एक आठवलं. सलाईनची चाकी अर्धी फिरवली तरी धार तशीच चालू असते. नवीन मुली फिरवत राहतात, आणि मग शेवटच्या इवल्याशा वळणात एकदम थेंबथेंब. पिवळी सुई असेल तर जास्तच जाणवतं. हे तेच का?

डॉ_गप्पिष्ट
तेच. सुई इतकी बारीक की मोठा अडथळा तिचाच. चाकीचा अडथळा सुईच्या तोडीचा होईपर्यंत जाणवत नाही. मी हे वीस वर्षं पाहिलं आणि एकदाही असं जोडलं नाही.

ठिबकवाला_वसमत
आठवडाभर गायब होतो, हळद शिजवायचं चाललं होतं. पण काल एक केलं, ते सांगतो.

सिस्टरचं वाचून बहिणीनं मेडिकलमधून नवा सलाईन सेट आणला. बाटलीत पाणी भरून न्हाणीघराच्या खुंटीला टांगली, खाली दुकानातल्या मायक्रोट्यूबचा मीटरभर तुकडा जोडला, आतून एक मिलीमीटरवाली. पाण्याची उंची मीटरभर, बाटलीत पाणी खाली गेलं की परत खुणेपर्यंत भरायचं. चाकीवर खडूनं खुणा. मी मोबाइलवर मिनिट लावायचा, ती औषधाच्या मापात पाणी धरायची.

चाकी पूर्ण उघडी: मिनिटाला १७ मिलिलिटर. अर्धी: १७. पाऊण बंद: १५. अजून केसभर: ३.

मग ट्यूब काढून नुसताच सेट लावला, तर अर्ध्या चाकीलाच धार निम्मी झाली. ट्यूब कापून अर्धा मीटर केली तर पाणी जवळजवळ दुप्पट. ती वहीत लिहीत होती अन् माझ्याकडं बघून हसत होती, कारण तीन वेळा मी आधी चुकीचं सांगितलं होतं.

अण्णा दारात उभे राहून बघत होते. मग आत आले, पाटावर बसले अन् म्हणाले, चाकी माझ्याकडं दे. दहा मिनिटं स्वतः फिरवत बसले. पाऊण बंदच्या खुणेवर थांबवून म्हणाले, "माझी इथं आहे का?" बहीण म्हणाली, "ते मला सांगता येणार नाही अण्णा. त्याला मोजावं लागतं." त्यावर काही बोलले नाहीत. संध्याकाळी तिला विचारत होते, नांदेडला जायचं कवा, गाडी लागंल का बसनं जाशील.

जिन्याचं डॉक्टरला सांगायचं ठरलंय, सोमवारचा नंबर लावला. स्कॅनचा प्रश्न तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. शंकासुर, तुमचे आभार.

अंकगणिता
वहीचा फोटो टाका. वर्गात दाखवते, नाव झाकून.

टेलचा_शेतकरी
त्या मायक्रोट्यूबचा रोल काय भावानं बसतो? आमच्या लिंबोणीला पाहिजे.

ठिबकवाला_वसमत
काका, व्यनि करतो. इथं भाव टाकला तर धागापाल उडवतील.